घरचे पातेले

एकदा एका पेठेत एक वृद्ध तांबट राहत असे. कारागीर म्हणून त्याची कीर्ती मोठी होती आणि चिक्कू म्हणून त्याहून मोठी होती. पेठेतली माणसे त्याला तात्या म्हणत आणि पाठ फिरली की कवडीचुंबक म्हणत. भांड्यांना आतून कल्हई लावायची तर कथील लागते, आणि कथील महाग. कल्हई लावून झाली की तात्या भट्टीभोवतीची राख चाळून बोराएवढा, जोंधळ्याएवढा कथलाचा मणीसुद्धा वेचून घेत. धोतर विरले की त्याचे उपरणे होई, उपरणे फाटले की भांडी पुसायची चिंधी होई. जगभराला तांब्यापितळेची भांडी घडवून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र स्वयंपाक मातीच्या मडक्यांत चाले. पेठेला यात हसायला पुष्कळ मिळे. मडके स्वस्त पडते म्हणून, असा निष्कर्ष लोकांनी कधीच काढून ठेवला होता.

या तात्यांकडे वामन नावाचा शिष्य होता. वय तीसेक वर्षांचे, हाताला कौशल्य, डोक्यात शिस्त. कला तर तो शिकलाच, पण गुरूची काटकसर त्याने त्याहून मनापासून उचलली. घरात एक पै वाया जाऊ देत नसे. त्या काळच्या रीतीप्रमाणे शिष्याची मजुरी गुरूपाशीच साठत असे आणि मागितली की मिळत असे. वामनने तीन वर्षांत ती एकदाही मागितली नव्हती. घर तो बाहेरच्या किरकोळ कामांवर चालवी.

तात्यांची एकच गोष्ट त्याला उमगत नसे. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे कल्हईचा हंगाम. दुकानापुढे भांड्यांची रांग लागे, गिऱ्हाइके भांडत, भात्याला क्षणाची उसंत नसे. त्या ऐन गर्दीत, दरवर्षी एक दिवस, तात्या सगळी कामे बाजूला सारत, माळ्यावरून एक छोटे पितळी पातेले काढत आणि त्याला कल्हई लावत. ते पातेले कोणी वापरत नसे. त्याची आधीची कल्हई चांदीसारखी लखलखत असे. तरीही ते तापवायचे, नवसागर टाकायचा, वर चांगले जाड कथील फिरवायचे, कापसाने पुसायचे, आणि पुन्हा माळ्यावर! जोंधळ्याएवढा मणी वेचणारा माणूस दरवर्षी दीड-दोन तोळे कथील असे उधळतो, हे पाहून वामनचा जीव तुटे. पण गुरूला विचारणार कोण?

चौथ्या वर्षी विचारण्याची वेळ आली. त्याला कारण घडले ते असे. वामनच्या मेहुण्याचे लग्न ठरले. वामनची बायको सगुणा सहा महिन्यांची गरोदर होती, तरी सख्ख्या भावाचे लग्न, तिला जायचेच होते. मागच्या लग्नात तिच्या भावजयांनी तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहून एकमेकींना खुणावले होते. वामनने ते पाहिले होते आणि तो घाव त्याच्या मनात राहिला होता. त्याने ठरवले, या वेळी सगुणेच्या हातात सोन्याच्या पाटल्या हव्यात. तीन वर्षांची मजुरी, एकरकमी, पाटल्यांना.

हंगामाच्या ऐन मध्यावर तो तात्यांपुढे उभा राहिला.

"तात्या, माझे पैसे हवे होते. सगुणेला पाटल्या करतोय."

"तिने मागितल्या?"

"छे! ती कधी काही मागते का? सगळ्या पेठेत सांगतो मी, बायको असावी तर अशी. चार वर्षं झाली लग्नाला, एकदा म्हणून तोंडातून निघालं नाही, हे हवं न् ते हवं." वामन अभिमानाने म्हणाला. "म्हणून तर करायच्या."

तात्यांचा हात भात्यावर थांबला.  ते उठले, माळ्यावर चढले, आणि ते छोटे पातेले घेऊन खाली आले. बाहेर सात-आठ गिऱ्हाइके ताटकळत होती. तात्यांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाले, "उद्या या." दुकानाची अर्धी फळी लावून घेतली आणि पातेले भट्टीवर ठेवले.

आता मात्र वामनचा संयम सुटला.

"तात्या, मी माझ्या घामाचे पैसे मागतोय आणि तुम्ही या रिकाम्या भांड्यावर कथील घालवताय! राखेतला मणी सोडत नाही तुम्ही. मला चिंधी फेकू देत नाही. आणि हे दरवर्षी? कुणासाठी?"

तात्यांनी नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला. धुरात डोळ्यांतून पाणी येतेच, त्यामुळे ते कशाचे आहे हे वामनला कळले नाही.

"गोदीसाठी," तात्या म्हणाले. "माझी मुलगी. तुला ठाऊक नाही. पेठही विसरली आता."

कथलाची कांडी फिरवत ते बोलू लागले.

"बत्तीस वर्षं झाली. असाच हंगाम होता. दीडशे घरांची भांडी माझ्याकडे. मला पाटल्या करायच्या होत्या, तुझ्यासारख्याच, बायकोसाठी. पैन्‌पै बाजूला टाकत होतो. घरच्या पातेल्याची कल्हई उडालेली. हेच पातेलं. म्हटलं, घरचंच तर आहे, दिवाळीनंतर बघू. कथील वाचेल, वेळ वाचेल, तेवढ्यात गिऱ्हाइकाची दोन भांडी होतील. पाडव्याला पाटल्या आल्या. बायकोने घातल्या. पेठेने कौतुक केलं. भाऊबीजेच्या सकाळी गोदी उठली, भूक लागली म्हणाली, आणि पातेल्यातलं रात्रीचं ताक प्यायली. उघड्या पितळेला लागून कळकलेलं होतं ते, विषच झालं होतं. चार वर्षांची होती रे. तिला काय कळणार चव? दोन दिवस ओकत होती. वैद्यांनी विचारलं, ताक कशात ठेवलं होतं? मी तोंड उघडायच्या आधी त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कल्हई करून करून बोटं पांढरी पडली होती माझी."

त्यांनी कापसाने पातेले आतून पुसले. 

"पाटल्या विकल्या मी. तेराव्याच्या आधीच विकल्या. या पातेल्याला तेव्हा किती कथील लागलं असतं माहितेय? दीड आण्याचं. वामना, काटकसर वाईट नाही. मी आजही मणी वेचतो, वेचत राहीन. पण खर्चाला हात आखडायचा तर तो कुठे, हे मला कळलं नाही. जे चार लोकांना दिसणार होतं, त्यासाठी मी पैसा जमवला. आणि जे रोज झिजत होतं, माझ्या घरात, माझ्या पोरीच्या तोंडाशी, ते दिवाळीनंतरवर टाकलं. बायकोला बिचारीला काय ठाऊक? कल्हई गेलेली ओळखणं हे माझं काम होतं. दोष माझा एकट्याचा."

"मला ठाऊक होतं."

दोघांनी मागे वळून पाहिले. दुकानातून घरात जाणाऱ्या दाराच्या चौकटीला धरून काकू, तात्यांची पत्नी, उभ्या होत्या. जेवायला बोलवायला आलेल्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

"मला ठाऊक होतं," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावे इतका. "दसऱ्यापासून तळ पिवळा दिसत होता. रोज घासताना बघत होते मी. रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, ह्यांचा हंगाम आहे, दीडशे घरांची कामं, त्यात आपलं कुठे मध्ये घालायचं? पैसे साठवतायत, त्यांत खोट नको."

"अगं, पण एक शब्द..." तात्या म्हणाले.

"तुम्ही साऱ्या पेठेत सांगत होता ना, माझी बायको कधी काही मागत नाही म्हणून? मला बरं वाटायचं ते ऐकून. फार बरं वाटायचं. म्हटलं, आता मागितलं तर तेवढंही जाईल." काकूंनी पदर तोंडाला लावला. "ताक मीच ठेवलं होतं त्यात. दुसरं भांडं होतं घरात. आळस केला."

"बत्तीस वर्षं तू हे सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू? वर्षाचं एकदा तुम्ही ते पातेलं घेऊन बसता. तुमचा चेहरा बघितला की माझी जीभ उचलत नाही. आणि बाकीचे दिवस तुम्ही तिचं नाव काढत नाही."

बाहेर पेठेत कोणीतरी घंगाळ ठोकत होते, त्याचा नाद येत होता. तात्यांनी पातेले खाली ठेवले. मग ते बसल्या जागी थोडे सरकले आणि तरटावर आपल्या शेजारी जागा केली. काकू येऊन बसल्या. दोघेही वामनकडे पाहत नव्हते. एकमेकांकडेही पाहत नव्हते. बत्तीस वर्षे एकाच मडक्यातले जेवलेली दोन माणसे, आणि दोघांनी तेवढी वर्षे एकच ओझे वेगवेगळे वाहिले होते. वामनला तिथे उभे राहवेना.

तो निघाला, तेव्हा तात्यांनी न वळता फळीवरच्या पिशवीकडे बोट केले. "तुझे पैसे. पूर्ण आहेत. पाटल्या कर, नको करू, तुझं तू बघ. फक्त सोनाराकडे जायच्या आधी घरी जा."

वामन घरी गेला. वाटेभर त्याच्या कानांत स्वतःचेच वाक्य वाजत होते, तेच, जे तो इतक्या अभिमानाने तात्यांना ऐकवून आला होता. ती कधी काही मागते का?

सगुणा पडवीत भाजी निवडत होती. नवरा भरदुपारी घरी आलेला पाहून ती घाबरली. तो तिच्यासमोर बसला.

"घरात काय कमी आहे?"

"काही नाही. का हो?"

"काय संपलंय? काय फाटलंय?"

"काही नाही म्हटलं ना. सगळं आहे." ती हसली. हे हसणे तो चार वर्षे पाहत होता आणि त्याला ते समाधानाचे वाटत आले होते. आज त्याने नीट पाहिले.

"सगुणे, मी रागावणार नाही. मला सांग."

तिने हातातली भाजी खाली ठेवली. देठे गोळा केली. मग खाली पाहतच म्हणाली, "विहिरीचा दोर विरलाय. तीन गाठी मारल्यात, त्यावर चालवतेय. परवा घागर ओढताना एक गाठ सुटली. मी मागे दगडावर आपटले. लागलं नाही फार."

वामनचे लक्ष तिच्या पोटाकडे गेले. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही इतके काटकसरीनं राहता. दोराचं काय, आठ दिवस अजून निघतील, म्हटलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

तो उठला नाही. बसून राहिला. मग हळूहळू एकेक निघू लागले. सुईणीने सांगितलेला काढा तिने एकदाच आणला होता. पावसाळ्यापासून निजायच्या जागेला ओल होती. डाव्या दाढेने तिला महिनाभर चावता येत नव्हते. ती सांगत होती आणि प्रत्येक गोष्टीनंतर, एवढं काही नाही, म्हणत होती. त्यातली एकही गोष्ट पाटल्यांच्या शंभराव्या हिश्शाची नव्हती. सांगता सांगता तिला रडू कोसळले, आणि का, ते तिलाही सांगता येईना. वामनने तिच्या मांडीवरची भाजी बाजूला घेतली. मग तोही रडला.

त्या लग्नाला सगुणा मोकळ्या हातांनी गेली. भावजयांनी पुन्हा खुणावले असेल, नसेल. तिला नव्या दोराने पाणी ओढताना मात्र पेठेने कधी पाहिले नाही, कारण त्यानंतर बाळंतपणापर्यंत पाणी वामनच भरत होता.

वाचकहो, खर्च कुठे करावा आणि कुठे टाळावा याचे शहाणपण सांगणारे पुष्कळ भेटतील. माझे सांगणे एवढेच आहे. तुमच्या घरात जे माणूस कधीच काही मागत नाही आणि ज्याचे तुम्ही त्यासाठी कौतुक करता, त्याच्यापाशी आज जरा बसा. काय हवे आहे ते विचारा. पहिले उत्तर "काही नाही" असेच येईल. तेवढे ऐकून उठू नका.