सगुणेचा चाकू आणि झऱ्यावरचा नाग

एक होती सगुणा. डोंगराच्या पायथ्याशी तिचा पानमळा होता. विड्याच्या पानांच्या वेली उंच शेवरीच्या झाडांवर चढलेल्या, आणि आत अशी गार सावली की दुपारीही पापणी जड व्हावी. घरात माणसं दोनच. सगुणा आणि तिचे म्हातारे सासरे धोंडीबा.

सगुणेकडे एक चाकू होता. मिटायचा चाकू, बरं का. मिटला की बोटाएवढा. मूठ शिंगाची, आणि पातं घासून घासून बांबूच्या पानासारखं निमुळतं झालेलं. तिच्या आईचा चाकू तो. कमरेच्या चंचीत पान, सुपारी, चुना, आणि त्यांच्या शेजारी हा. सकाळी ती त्याने वेली बांधायचे लव्हाळे कापायची. दुपारी मामंजींना पेरूच्या फोडी करून द्यायची, अशा पातळ की आरपार दिसावं, कारण त्यांच्या तोंडात दात नव्हते. आणि संध्याकाळी पायातला काटा काढायची. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, अशी रीत. मग काटे रुतणारच.

चाकूचीही एक रीत होती. तो हातातून हातात द्यायचा नाही. दिला की भांडण होतं. कुणी मागितला तर भुईवर ठेवायचा आणि आपण मागे सरायचं. ज्याला हवा त्याने उचलून घ्यावा. आईने हे शिकवलं, आणि सगुणेच्या ते हाडात मुरलं.

एकदा काय झालं, डोंगरावरचा झरा बंद पडला. पाणी येईना. एक भलामोठा नाग झऱ्याच्या तोंडावर विळखे घालून बसला होता. जवळ कुणी गेलं की असा फूत्कार टाकायचा की खालच्या गावात चुली विझायच्या.

मग राजाचा सेनापती तलवार घेऊन वर गेला. तलवार तिथेच टाकून खाली आला. मग भालेवाला गेला. तो भाला आणि पागोटं दोन्ही टाकून आला. मग तिरंदाज गेला. तो अर्ध्या वाटेतूनच परतला. म्हणाला, "बाण घरी राहिले."

इकडे मळा सुकायला लागला. वेली माना टाकू लागल्या. धोंडीबा पिवळं पान हातात धरून बसायचे.

"सगुणे, मळा गेला तर आपण कुठं जायचं गं?"

"जायचं कुठं मामंजी? पेरू खा."

ती बोलायची असं, पण स्वतःची फोड तशीच बाजूला ठेवायची.

मग राजाने दवंडी पिटवली. सगळ्यांचं लोखंड जमा करा. त्याची एक प्रचंड कुऱ्हाड करायची आणि नागाचे तुकडे करायचे. गाडी घेऊन शिपाई दारोदार फिरला. विळे, खुरपी, तवे, सगळं गाडीत. सगुणेने विळा दिला, खुरपं दिलं.

"आणि चंचीत काय आहे, बाई?"

सगुणेने चाकू काढला आणि ओट्यावर ठेवला.

शिपाई म्हणाला, "हातात द्या की. मी काय चावतो?"

"हातात देऊ नये, दादा. भांडण होतं."

शिपाई हसला. त्याने चाकूकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. म्हणाला, "गाडी भरली आता. उद्या सकाळी येतो. तोवर वापरून घ्या."

मग सगुणेने काय विचार केला? उद्या चाकू जाणार. वेली सुटून लोंबतायत. लव्हाळे हिरवे उरलेत ते फक्त झऱ्यापाशी. आज मूठभर कापून आणावेत. जीव मुठीत धरून ती वर गेली. हळूच वाकली, चाकू उघडला, पहिला लव्हाळा कापला. सर्र.

"कोण आहे?" नागाने फणा वर काढला.

"मी सगुणा. खालच्या मळ्यातली. लव्हाळे न्यायला आले होते."

"हातात काय आहे?"

"चाकू."

"दे इकडे."

पळायचं भानच तिला राहिलं नाही. तिला वाटलं, मागतोय तर द्यावा. तिने सवयीने चाकू दगडावर ठेवला, टक्, आणि दोन पावलं मागे सरली.

नागाचा फणा हळूच खाली आला.

"जो येतो तो हत्यार उपसत येतो," नाग म्हणाला. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. हत्यार कुणी समजुतीने खाली ठेवल्याचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

"दिसत का नाही, नागोबा?"

"कात निघत नाही माझी. ओठापाशी चिकटून बसली आहे. डोळ्यांवर तिचाच पडदा आहे. भिजून सुटेल म्हणून मी पाण्यात येऊन बसलो. तीही सुटेना आणि लोकही सुखाने बसू देईनात."

सगुणा पुढे झाली. चाकू उचलला.

"तुला भीती वाटतेय," नाग म्हणाला.

"तुम्हालाही वाटतेय."

"मग दोघंही जपून."

तिने पात्याचं टोक ओठाच्या कडेला लावलं. मामंजींच्या पेरूची साल काढायची ना, गराला धक्का न लावता, अगदी तसं. जुनी कात उलगडली. मग तिने चाकू मिटून दगडावर ठेवला आणि दोन्ही हातांनी कात धरली. नाग सरसर बाहेर निघाला. नवा, झळझळीत. त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा सगुणेला पाहिलं. असा मोठा सुस्कारा टाकला की रानातली सगळी पानं हलली.

विळखे सुटले, आणि झरा उसळला. पाणी धो धो खाली धावलं. दगडावरचा चाकूही त्या लोंढ्यानं उचलून नेला.

"माझा चाकू," सगुणा म्हणाली.

नाग म्हणाला, "पाण्याच्या वाटेने जा." आणि तो डोंगरात दिसेनासा झाला.

सगुणा पाण्याकाठाने धावली. पहिल्या वळणावर वाळू चाचपली. नाही. दुसऱ्या वळणावर मुळं धुंडाळली. नाही. तिसऱ्या वळणावर डोहात गळ्यापर्यंत उतरली. तिथंही नाही. मळा वाचला होता, पण आईची एवढीशी खूण गेली. डोळे पुसत ती घरी आली.

बघते तर धोंडीबा पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलेले. वेलींनी माना वर केलेल्या.

"सगुणे, कुठं होतीस? पाणी आलं बघ. आणि पाण्यातून हे माझ्या अंगठ्याला येऊन लागलं. आधी वाटलं मासाच."

त्यांनी पाण्यात हात घातला आणि चाकू वर काढला. तिच्या हातात दिला का? छे. बांधावर ठेवला, आणि बसल्या जागीच मागे सरकले.

सगुणेने तो उचलला. मग ती मामंजींच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसली. शिंगाच्या मुठीवर आता नागाच्या खवल्यांची बारीक नक्षी उमटली होती.

सकाळी शिपाई आला तो भरली गाडी घेऊनच. कुऱ्हाड आता हवी होती कुणाला? ज्याचा विळा त्याला, जिचा तवा तिला. पुन्हा चुलींवर भाकऱ्या फुगल्या, मळा हिरवा झाला, आणि सगुणा नि तिचे मामंजी पेरू खात सुखाने राहिले.

चाकू दिवसभराचं काम करून मिटला, चंचीत गेला. आता तुमचे डोळेही तसेच मिटा. अलगद. हं, झोपा.