आपटेल त्यानंच रगडायचं

"दाखला हातात देऊन याला शाळेतून काढू की नको, तेवढं सांगा वस्ताद!"

बर्गे हेडसरांनी तालमीच्या दारातच आवाज चढवला. सर लहानपणी याच तालमीत घुमलेले. अडलं की अजून हिंदुराव वस्तादांकडंच येतात.

मागं दहावीतली दोन पोरं होती. संग्रामनं स्टंपनं प्रज्योतचा खांदा सुजवला होता. दाखला सरांच्या खिशात तयार, फक्त सही बाकी.

मी जोर मारायचे थांबवले. असली मजा कोण सोडतंय!

वस्ताद तांबड्या मातीत ताक ओतत होते. "भांडण कशावरनं?"

"मोबाइलवर कोण कुणाला हसलं म्हणून! याच्या भीतीनं चार दिवस मधल्या सुट्टीत मैदानावर चिटपाखरू नाही. आया फाटकाशी उभ्या. शिस्तीचा माणूस म्हणून माझं नाव आहे, वस्ताद!"

"मग काय केलंस, विलास?"

"भर प्रार्थनेत याच्या अशी मुस्कटात ठेवून दिली की पाची बोटं उठली!"

"लागली शिस्त?"

सर खिशातला दाखला चाचपायला लागले.

"बोल की."

"दुपारी यानं आणखी एकाला बदडलं."

वस्तादांनी तेलाची वाटी संग्रामच्या हातात दिली.

"आमच्यात जो आपटेल, त्यानंच रगडायचं. बस."

संग्रामचं तोंड बघण्यासारखं झालं. स्टंप धरलेल्या हातानं तो आता प्रज्योतच्या खांद्याला तेल चोळायला लागला. प्रज्योत अंग चोरून बसला.

"दुखतंय का विचार की रे, गाढवा!" वस्ताद डाफरले.

"...दुखतंय?"

"नाही, गुदगुल्या होतायत!" प्रज्योत खेकसला.

तेवढ्यात अंगठा काखेकडं सरकला आणि त्याला खरंच गुदगुल्या झाल्या. तो फिदीफिदी हसला. संग्रामही हसला, मग बाहीला डोळे पुसत म्हणाला, "चुकलो रे."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सरांनी खिशातला दाखला काढून टराटरा फाडला.

"विसरलोच होतो बघा वस्ताद! उद्यापासून हाच नियम शाळेत."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना! एकालाही सूट नाही."

वस्तादांनी संग्रामच्या हातातली वाटी काढून घेतली आणि सरांपुढं धरली.

"बाह्या वर कर, विलास. पोराचा गाल राहिलाय."