पाडलेला बुरूज

हेमलताबाईंच्या शाळेत काय शिकायचं ते मुलंच ठरवत. त्या दिवशी मुलं मातीचा किल्ला करून इतिहास शिकत होती. संस्थेचे अध्यक्ष दिनकरराव आले आणि बुटाच्या टोकानं एक बुरूज पाडून म्हणाले, "मातीत हात घालून कुणी मोठं होत नाही. उद्यापासून हे बंद."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांच्याआधी बुरूज करणारी ईरा उठली.

"तुमच्या वडिलांचा पुतळा शिल्पकारांनी आधी मातीतच घडवला होता. मग पुतळ्याच्या अनावरणाला भर सभेत तुम्ही त्या शिल्पकारांना मोठा माणूस का म्हणालात?"

बाईंनी मातीचा गोळा दिनकररावांपुढे धरला.

"तुम्ही पाडलात, तुम्हीच उभा करा."

सगळी मुलं बघत होती. अध्यक्षांना बाह्या सरसावून खाली बसावंच लागलं.