सात गाठींची पिशवी

फार पूर्वी नदीकाठच्या पाखरांचे निरोप कावळा पोहोचवत असे. पानावर चोचीने निरोप कोरायचा आणि सुगरणीने विणलेल्या पिशवीत घालायचा. पिशवीला सात गाठी असत. त्या कशा सोडायच्या, हे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक. भोचक कावळ्याने खूप टोचून पाहिलं, पण एकही गाठ हलली नाही. म्हातारपणी सुगरणीला ते दिवस आठवत आणि पाठोपाठ टिटवी आठवे.

टिटवीने वाळूत अंडी घातली होती. जागा पैलतीरावरच्या नवऱ्याला कळवली, आणि तिसऱ्या दिवशी ती सुगरणीच्या बाभळीखाली येऊन उभी राहिली.

"कावळ्यानं पान वाचलं, बाई. अंडी गेली."

"शक्यच नाही," सुगरण म्हणाली. "माझी गाठ आजवर कुणाला सुटलेली नाही."

"सुटेल कशी? मी बांधलीच नव्हती. तिसऱ्या गाठीलाच माझी चोच अडते. सगळ्यांचीच अडते. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही, पिशवी नुसती दुमडून देतात."

 सुगरणीने टिटवीला शेजारी बसवलं आणि विणलेलं पुन्हा पुन्हा उसवलं. शेवटी टिटवीने एक धागा ओढला आणि साती गाठी आपोआप बसल्या.

टिटवी जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी नवी पिशवी विणून झाली की म्हातारी आधी खाली वाळूकडे बघायची आणि म्हणायची, "बघ गं, तुला जमतंय का."