आधी चप्पल काढ

“...पण सिस्टर, यात माझं काय चुकलं?”

हेमांगी लाखेचा आवाज चढला होता. हातात ट्रे, ट्रेमध्ये सकाळी दहाचं औषध भरून तयार. आणि पेशंट खाटेखाली.

पेशंट सात वर्षांची. जमुना मडावी. छातीत न्यूमोनिया, अंगात ताप. काल संध्याकाळी चौघांनी तिला धरलं होतं, तरी तिने हाताला लावलेली सलाईनची सुई उपटून फेकली होती. एक डोस चुकला होता. दुसरा चुकायच्या बेतात होता. तिचा बाप सोमाजी पिशवी बांधून दाराशी उभा होता.

“घरी नेतो म्या पोरीले,” तो म्हणाला. “पाहवत नाही हे.”

झाडीपट्टीतल्या या रुग्णालयात हेमांगी तीन आठवड्यांपूर्वी आली होती. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात पहिली. तिच्या हातून शीर कधी चुकली नव्हती, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायची.

रामटेके सिस्टर एकतीस वर्षं याच मुलांच्या वॉर्डात होत्या. त्या काही सांगायच्या नाहीत. विचारलं तरच बोलायच्या. तेही मोजकं.

“चप्पल काढ,” त्या म्हणाल्या.

“का?”

“खाटेवर चढताना काढतात.”

“कोण चढतंय खाटेवर?”

“तू.”

हेमांगीला वाटलं, थट्टा चाललीय. सिस्टरांचा चेहरा तसा दिसेना. तिने चप्पल काढली, ट्रे त्यांच्या हातात दिला आणि जमुनाच्या खाटेवर आडवी झाली. सगळा वॉर्ड बघत होता. तिचे कान तापले.

सिस्टर गुडघ्यावर बसल्या आणि खाटेखाली वाकल्या.

“जमुनाबाई, एक नवी पेशंट आलीय. मला हात कमी पडतोय. येता का जरा?”

खाटेखाली खोकल्याची एक उबळ आली.

मग एक वेणी बाहेर आली. मागोमाग जमुना.

सिस्टरांनी आपला स्टेथोस्कोप तिच्या गळ्यात घातला. हातात बिनसुईची रिकामी सिरिंज दिली. जमुनाने क्षणभर विचार केला. मग कपाळाला आठ्या घालून ती खाटेवर ओणवली.

हेमांगीला खालून दिसत होतं फिरणारं पंख्याचं पातं, दोन नाकपुड्या आणि अंगावर येणारा एक हात.

“हालू नोको,” जमुना दरडावून म्हणाली. “काई नाई होत.”

आणि तिने मनगट आवळलं.

सिरिंजला सुई नाही, हे हेमांगीला पक्कं माहीत होतं. तरी तिचं अंग ताठ झालं. पाय आपोआप आखडले.

“थांब!” ती ओरडली. “आधी सांग ना, काय करतेस ते!”

जमुनाने नवलाने तिच्याकडे पाहिलं.

“तू कुठं सांगतं?”

आधी पलीकडच्या खाटेवरची एक आजी हसली. मग पोरं हसली. हेमांगी लाल झाली, उठून बसली, आणि तिलाही हसू फुटलं. असं फुटलं की डोळ्यांत पाणी आलं.

ती खाली उतरली आणि जमुनासमोर फरशीवरच बसली.

“आता सांगते. सुई टोचणार आहे. दुखेल.”

“लय?”

“थोडं. तू दहापर्यंत आकडे म्हण. तेवढा वेळ.”

“भरभर म्हणू?”

“म्हण की.”

जमुनाने बापाकडे पाहिलं. मग डोळे गच्च मिटून हात पुढे केला.

“एक-दोन-तीन...”

चारला दोन पोरं सामील झाली. सातला सगळा वॉर्ड. दहाला तर आजीही ओरडली.

जमुनाने एक डोळा उघडला.

“झालं?”

“सुई बसली. आता औषध जाईल. गार लागेल हं.”

“लागलं,” जमुना म्हणाली. “गार हाये.”

सोमाजीने पिशवीची गाठ सोडली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवसापर्यंत जमुना गळ्यात स्टेथोस्कोप घालून खाटेखाटेपाशी फिरत होती आणि प्रत्येकाला बजावत होती, “आता टोचनार हाये. दुखन. दहापावतर म्हन.” सातव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. जाताना तिने हेमांगीचा हात हातात घेतला, नाडी पाहिली आणि ‘बरी हाये’ असं सांगून गेली.

दुपारी दोघी बेसिनपाशी हात धूत होत्या. हेमांगीने आता आवाज खाली आणून विचारलं,

“सिस्टर, चार वर्षं शिकले. हे मात्र कुणी शिकवलं नाही. तुम्हाला कुणी शिकवलं?”

रामटेके सिस्टरांनी नळ बंद केला. डावी बाही कोपरापर्यंत सारली. मनगटाच्या वर दातांची एक इवलीशी, फिकट कमान उमटलेली होती.

“माझ्या गुरूंनी,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांचे होते.”