सुगंधाबाईंची ओळ

वैनगंगेच्या काठी, एका तालुक्याच्या गावात, एक रक्तपेढी होती. गोष्ट तिथली आहे आणि फार जुनी नाही. रक्तपेढीत चार फ्रिज होते, एक डॉक्टर होते, सहा-सात माणसं होती आणि जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणारा संगणक. आसपासच्या चाळीस गावांतल्या आशाताई मोबाइलवरून रक्ताची मागणी भरत. पेशंटचं नाव, रक्तगट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, एवढं त्या पाठवत. मागणी सर्व्हरकडे आली, की त्या पेशंटच्या नावाची पिशवी फ्रिजमध्ये वेगळी काढून ठेवली जाई. मग पेशंट तालुक्याला पोचल्यावर त्याला ताटकळत बसावं लागत नसे.

हा सर्व्हर देवाजी टेंभुर्णे यांनी बसवला होता. माणूस मुळात फ्रिज दुरुस्त करणारा. रक्तपेढीचे फ्रिज सांभाळता सांभाळता त्यांना संगणकाचा नाद लागला आणि पन्नाशी जवळ आली असताना ते पुस्तकं आणून जावा शिकले. जावा म्हणजे संगणकाशी बोलायची एक भाषा. ती त्यांना इंग्रजी शब्दांत अडखळत, पण चिकाटीने आली. बारा वर्षं त्यांनी सर्व्हर चालवला, मग निवृत्त झाले आणि आपल्या गावी जाऊन भाजीचा मळा करू लागले. सगळे त्यांना काका म्हणत.

त्यांच्या जागी उत्पला हेडाऊ आली. ती याच तालुक्यातली. पुण्याच्या एका कंपनीत आठ वर्षं काढून, आईजवळ राहायचं म्हणून परत आली होती. हुशार होती, आणि ते तिला ठाऊकही होतं.

आल्या आल्या तिने डॉक्टर वासनिकांना सांगितलं, की हा सर्व्हर फार जुना झाला आहे. तो बनवणाऱ्यांनी त्याच्या दुरुस्त्या पाठवणं कधीच बंद केलं आहे, उद्या कोणीही आत शिरून पेशंटांची माहिती पळवील. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. डॉक्टरांनी होकार दिला आणि उत्पलाने पदर खोचला. नव्या आवृत्तीत जावाची काही नावं बदलली होती, ती शेकडो ठिकाणी बदलावी लागली. तीन आठवडे ती मान मोडून काम करत होती.

शेवटी राहिली एक फाइल. सर्व्हरने कसं वागायचं, ते या फाइलीत लिहिलेलं असतं. किती वेळ वाट बघायची, एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, अक्षरं कशी वाचायची, असं सगळं. नव्या सर्व्हरबरोबर ही फाइल तयारच मिळते आणि ती दोन-तीन पानांत आटपते. काकांची फाइल अकरा पानांची होती. त्यांनी जिथे जिथे फेरफार केला होता, तिथे तिथे वर एक बारीकशी टीप लिहिली होती. 'कोकोडेबाई, दोन नावं.' 'मुरकुटे सिस्टर, पोळा.' 'सुगंधाबाई, टेकडी.'

ही सर्व्हरची फाइल आहे की लग्नातल्या पाहुण्यांची यादी, असं उत्पला ऑफिसातल्या मंडळींना म्हणाली आणि सगळे हसले. सुगंधाबाईंच्या टिपेखाली तर भलतंच लिहिलं होतं. निरोप पाठवणारा मध्येच गप्प झाला, तर सर्व्हरने तीन मिनिटं वाट बघावी. तयार फाइलीत हाच आकडा वीस सेकंदांचा असतो. तीन मिनिटं कोण वाट बघतं? काकांना हे नीट जमलेलं दिसत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

डॉक्टर वासनिक म्हणाले होते, की बदल करण्याआधी काकांना एक फोन करून घे. ती हो म्हणाली आणि तिने फोन केला नाही. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला सर्व्हरबद्दल काय विचारायचं, असं तिच्या मनात होतं. मोठ्याने ती असं कधीच बोलली नसती, पण मनात तेच होतं, आणि गोष्ट सांगणाऱ्याला ते लपवून चालत नाही.

रविवारी सकाळी तिने नवा सर्व्हर चालू केला. अकरा पानं बाजूला ठेवली आणि तयार फाइल जशीच्या तशी वापरली. ऑफिसात बसून दहा वेळा मागणी भरून पाहिली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नोंद होत होती. डॉक्टरांनी सगळ्यांना चहा पाजला, उत्पलाचं तोंडभरून कौतुक झालं. सोमवार गेला, मंगळवार गेला. नदीपलीकडच्या गावांतून एकही मागणी आली नाही. चला, तिकडे सगळे ठणठणीत दिसतात, असं समजून ती खूश होती.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला सुगंधाबाई मडावी रक्तपेढीच्या दारात उभ्या राहिल्या. त्या नदीपलीकडच्या एका डोंगराळ गावच्या आशाताई. सोबत पूर्वा नावाची सात वर्षांची मुलगी होती आणि तिची आई होती. पूर्वाला सिकलसेलचा आजार होता. तिच्या अंगात रक्त टिकत नसे, म्हणून दर महिन्याला तिला पिशवी लागे. रक्तगट ओ निगेटिव्ह, मुश्किलीने मिळणारा. तीन तासांच्या प्रवासाने पोर मलूल झाली होती. बाकावर बसताच तिने आईच्या मांडीवर डोकं टाकलं.

फ्रिजमध्ये तिच्या नावाची पिशवी नव्हती. ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, ती सकाळीच एका बाळंतिणीसाठी गेली होती. डॉक्टर वासनिक बाहेर आले. मागणी का भरली नाही, असं त्यांनी सुगंधाबाईंना विचारलं. आवाज थोडा चढलेलाच होता. सोमवारी तीनदा भरली होती, असं बाई सांगू लागल्या. दर वेळी मोबाइलवर गोल चक्र फिरायचं आणि थांबायचं. थांबलं म्हणजे गेली, असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, की तुमचा फोन जुना झाला, आता बदला तो.

सुगंधाबाईंनी मान खाली घातली. "माह्याच फोनात खोट असन, साहेब. पोरीले माह्यापायी तरास झाला."

हे उत्पलाने आपल्या खोलीच्या दारातून ऐकलं. ती आत गेली आणि सर्व्हरची रोजची नोंदवही तिने उघडली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपाची नोंद सर्व्हर त्यात आपणहून करत असतो. सोमवारच्या दुपारी तीन नोंदी होत्या. तिन्ही अर्धवट. निरोप यायला लागला, मध्येच थबकला, वीस सेकंद गेले आणि सर्व्हरने तो तोडून टाकला. 

ती नोंदवही वाचता येणारं माणूस त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. फोनवर खापर फुटलं होतं आणि बाईंनी ते मुकाट्याने डोक्यावर घेतलंही होतं. उत्पला खुर्चीत तशीच बसून राहिली असती, तर कोणाला काही कळलं नसतं. रविवारचा चहा, सगळ्यांचं कौतुक, तीन आठवड्यांची मेहनत, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग बाहेरून पूर्वाच्या आईचा आवाज आला. ती पोरीला अजून थोडा वेळ थांब, एवढंच सांगत होती.

उत्पला उठली आणि बाहेर आली. "फोन चांगला आहे, सुगंधाताई," ती म्हणाली. "सर्व्हरने तुमचा निरोप तीनदा अर्ध्यात तोडला. तसं वागायला मीच त्याला सांगितलं होतं. डॉक्टर, चूक माझी आहे."

 कोणाला दोष देत बसायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी जिल्ह्याच्या रक्तपेढीला फोन लावला. तिथे एक पिशवी होती, पण गाडी यायला चार तास लागणार होते. उत्पलाने सुगंधाबाईंची ती तीन मिनिटांची ओळ ताबडतोब परत घातली. मागणी पुन्हा भरा, असा निरोप नदीपलीकडच्या प्रत्येक आशाताईला पोचवायची व्यवस्था केली. अशाच आणखी चार मागण्या हरवलेल्या निघाल्या. त्या चारही पेशंटांची निकड अजून दोन-चार दिवस पुढे होती, हे नशीब. मग ती येऊन त्या बाकावर, पूर्वाच्या पायांशी बसली. ते चार तास तिला फार मोठे गेले. पोर मधूनच डोळे उघडून तिच्याकडे बघे आणि पुन्हा मिटून घेई.

साडेचारला गाडी आली. संध्याकाळी पूर्वाला रक्त चढलं, ओठांवर थोडा रंग आला आणि तिने आईकडे बिस्किट मागितलं. उत्पला खोलीत जाऊन एकटीच रडली. देवाचे, गाडीच्या ड्रायव्हरचे, त्या न पाहिलेल्या रक्तदात्याचे, सगळ्यांचे तिने मनोमन आभार मानले.

दुसऱ्या दिवशी ती अकरा पानं घेऊन काकांच्या गावी गेली. काका दोडक्याच्या मांडवाखाली होते. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काकांनी आधी पोरगी कशी आहे, ते विचारलं. बरी आहे म्हटल्यावर ते खाली बसले आणि त्यांनी टेकडीची हकिकत सांगितली.

सुगंधाबाईंच्या गावात मोबाइलला सिग्नल नाही. गावामागच्या टेकडीवर तो मिळतो, तोही येतो-जातो. वाऱ्यासारखा त्याचा लहरी कारभार. फोटो अर्धा जातो, मग सिग्नल गडप होतो, पुन्हा उगवतो तेव्हा उरलेला जातो. सुरुवातीला बाईंच्या मागण्या अशाच तुटायच्या. म्हणून काका एकदा स्वतः गेले. दोन तास घड्याळ हातात धरून टेकडीवर उभे राहिले. सिग्नलने मारलेली सगळ्यांत लांब दडी एक मिनिट पन्नास सेकंदांची निघाली. त्यात थोडी भर घालून त्यांनी तीन मिनिटं लिहिली.

"मग हे सगळं टिपेत का नाही लिहिलंत, काका?" उत्पलाने विचारलं. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून.

काका ओशाळले. रक्तपेढीत सगळे सगळ्यांना ओळखत. सुगंधाबाई म्हटलं की टेकडी कोणालाही आठवे. आपल्या मागून कोणी परकं माणूस ही फाइल वाचील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मले वाटलं, सुगंधाबाईले कोण ओळखत नाही?" ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "अन् खरं सांगतो, बाई. सर्व्हर जुना झाला हे मलेबी ठावं होतं. पाच वर्सं हिंमत नाही झाली. हात लावला अन् बंद पडला तं? त्या भेवानं तसाच ठेवून देल्ला. तू केलं. लय उपकार झाले."

 उत्पला माफी मागायला आली होती आणि म्हातारा उलट तिचेच आभार मानत होता.

काका तिच्याबरोबर बसने तालुक्याला आले. दोघांनी मिळून अकराही पानं वाचली. पोळ्याला सगळं बंद असतं आणि आदल्या दिवशी चाळीसही गावं एकदम मागणी भरतात, हे मुरकुटे सिस्टरांनी काकांना सांगितलं होतं, म्हणून त्यांच्या ओळीत एका वेळी जास्त जणांना आत घेण्याची सोय होती. ती ठेवली. कोकोडेबाईंनी भरलेली दोन मराठी नावं जुना सर्व्हर प्रश्नचिन्हं करून दाखवी, दोन पेशंट एकच वाटत. त्यावरची तोड त्यांच्या ओळीत होती. नवा सर्व्हर मराठी अक्षरं आपसूकच वाचतो, असं उत्पलाने सांगितलं. तेव्हा काकांनी स्वतःच ती ओळ पुसून टाकली आणि बरं झालं म्हणाले. अशा कितीतरी ओळी त्यांनी आनंदाने पुसल्या. अकरा पानांची पाच झाली.

शनिवारी उत्पला सुगंधाबाईंबरोबर टेकडीवर गेली. बाईंनी मागणी भरली आणि पाठवली. चक्र फिरायला लागलं. मग सिग्नल गेला. उत्पला मनात आकडे मोजत होती. वीस झाले, पन्नास झाले, नव्वद झाले.  सुगंधाबाई मात्र शेजारच्या खडकावर बसून शांतपणे पायातला काटा काढत होत्या. एकशे चाराव्या आकड्याला सिग्नल परत आला, आणि 'नोंद झाली' अशी अक्षरं उमटली.

"पयले जाये तसंच गेलं जी," सुगंधाबाई म्हणाल्या आणि फोन ओच्यात खोचून उतरायला लागल्या.

उत्पलाच्या तीन आठवड्यांच्या मेहनतीला याहून चांगली शाबासकी मिळाली नसती. सोमवारी तिने फाइल उघडली. काकांची टीप तिने तशीच ठेवली आणि तिच्याखाली टेकडीची सगळी हकिकत लिहिली. त्याखाली लिहिलं, 'टेंभुर्णेकाकांनी ही ओळ दोन तास उन्हात उभं राहून लिहिली. मी ती क्षणात काढून टाकली होती आणि एका लेकराला त्यासाठी चार तास बाकावर पडून राहावं लागलं. पुढे येणाऱ्याने ही ओळ बदलावी, जरूर बदलावी, पण आधी टेकडीवर जाऊन यावं. काका, मी तुमची ऋणी आहे.'

तात्पर्य: दुसऱ्याने करून ठेवलेलं काम बदलण्याआधी, ते त्याने कोणासाठी केलं होतं हे विचारावं, आणि आपण केलेलं काम मागे ठेवून जाताना, ते का केलं हे सांगून जावं. जो असं करतो, त्याचे आभार त्याला न पाहिलेली माणसंही मानतात.