शपथ टीव्हीवर पाहिली होती

एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयात खाडीचा खटला चालला होता. कारखान्याने खाडीत विष सोडलं, मासळी मेली, कोळीवाड्यातल्या चुली थंड पडल्या. पण दालन एवढंसं! निम्म्या खुर्च्या कारखान्याच्या वकिलांनीच अडवलेल्या, आणि ज्यांच्या पोटावर पाय आला ते फाटकाबाहेर उन्हात उभे. म्हणून पार्वती भोईर या म्हातारीने अर्ज केला : आत टीव्हीचा कॅमेरा लावा, आमचा खटला आम्हाला बघू द्या.

सरन्यायाधीश हसले. हट्टी पोराची समजूत काढावी तसे हसले, आणि चीड येते ती त्या हसण्याचीच!

"आजी, कॅमेरा दिसला की माणूस नाटक करतो. खरं बोलत नाही. अर्ज फेटाळला."

त्यांचा वकील पदर ओढत राहिला, तरी पार्वतीबाई उठल्याच.

"साहेब, या खुर्चीवर बसताना तुम्ही शपथ घेतलीत. कुणाला भिणार नाही, कुणाची बाजू घेणार नाही, म्हणालात. अख्ख्या कोळीवाड्याने टीव्हीवर बघितली."

"मग?"

"तेव्हाही समोर कॅमेराच होता. मग ती शपथ खरी, की तेही नाटक?"

सरन्यायाधीशांचं हसू मावळलं. खाली मान घालून त्यांनी फेटाळलेला अर्ज परत मागवला आणि मंजूर म्हणून सही केली.

पार्वतीबाईंनी हात जोडले नाहीत.

"आणि कॅमेरा आमच्याकडे लावू नका," त्या म्हणाल्या. "आमची तोंडं आम्हाला ठाऊक आहेत. तो तुमच्याकडे लावा."